गेम मेनू यायच्या आतच बंद होतो, डिफेंडर एक फाइल पकडतो: मॉडचं काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकत असेल तर सांगता येईल. इंदूरला सुदामा नगरात तुमच्या घरी एकच कॉम्प्युटर आहे. अकरावीतला भाचा त्यावर स्कायरिम स्पेशल एडिशन खेळतो, साठेक मॉड्स, म्हणजे चाहत्यांनी बनवलेले गेममधले बदल, घातलेले आहेत. महिन्याभरापूर्वी दुकानातून विंडोज नव्याने टाकून घेतलं, गेम स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून पुन्हा उतरवला आणि मॉड्सचं फोल्डर जुन्या हार्ड डिस्कवरून जसंच्या तसं कॉपी केलं. तेव्हापासून गेम मेनू यायच्या आतच बंद होतो. मग भाच्याला एक व्हिडिओ सापडला, "अँटिव्हायरस बंद करा आणि ही फिक्स फाइल टाका" असं सांगणारा. त्याने ती आखूड केलेल्या लिंकवरून, पासवर्ड लावलेल्या झिपमधून उतरवली आणि विंडोजच्या डिफेंडर या अँटिव्हायरसने पकडून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे कोंडून ठेवली. फाइलचं नाव डी३डीएक्स९_४२, एक डीएलएल, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने उघडून चालवायची कोडची फाइल. याच कॉम्प्युटरवर तुमचं नेट बँकिंगही चालतं. अँटिव्हायरस बंद करावा का, आणि हे मॉड्स मुळात विश्वासाचे असतात का, हे तुम्हाला हवंय.

बंद करू नका. आणि ती फाइल क्वारंटाइनमधून परत काढू नका.

आता कारण. तुमच्याकडे दोन वेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतल्या आहेत. गेम चालत नाही ही एक, एक फाइल संशयास्पद आहे ही दुसरी. पहिलीच्या वैतागातून दुसरीला घरात घेतलं जातं, आणि असले व्हिडिओ याच वैतागावर चालतात. पहिलीचं उत्तर बहुतेक वेळा कोणतीही नवी फाइल न आणता मिळतं, म्हणून तिथून सुरुवात करू.

स्कायरिमच्या पुष्कळ मोठ्या मॉड्सना एसकेएसई लागतं. हे चाहत्यांनीच बनवलेलं साधन आहे, गेम बनवणाऱ्या बेथेस्डा कंपनीचं नाही. चालू गेमच्या आत शिरून ते ठरावीक जागी आपला कोड जोडतं. या जागा गेमच्या मुख्य एक्झी फाइलमधल्या (गेम सुरू करणाऱ्या फाइलमधल्या) पत्त्यांनी ओळखल्या जातात, आणि गेमची आवृत्ती बदलली की पत्ते बदलतात. महापालिकेने कॉलनीतल्या घरांना नवे नंबर दिले आणि पोस्टमन जुनीच यादी घेऊन फिरतोय, तसं होतं. म्हणून एसकेएसईची प्रत्येक आवृत्ती गेमच्या एका विशिष्ट आवृत्तीसाठीच असते. गेम १.५.९७ असेल तर एसकेएसई २.०.२०, आणि स्टीमवरचा १.६.११७० असेल तर २.२.६. जीओजी या दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या गेमसाठी वेगळी फाइल असते. गेम पास आणि एपिकच्या आवृत्तीवर एसकेएसई चालतच नाही, तिथे डोकं घालण्यात अर्थ नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये बेथेस्डाने अ‍ॅनिव्हर्सरी अपडेट आणलं, तेव्हा १.५.९७ वरून गेम १.६ मालिकेत गेला आणि डीएलएल असलेले शेकडो मॉड्स एका दिवसात निकामी झाले. त्यामुळे पुष्कळ जण मुद्दाम १.५.९७ वरच राहिले, किंवा गेम उतरवून पुन्हा मागे नेला. माझा तर्क असा की भाच्याचा जुना संचही १.५.९७ चा होता. स्टीमवरून नव्याने उतरवला की गेम १.६.११७० येतो. मॉड्स जुने, गेम नवा. स्टीममधलं "फाइल्स तपासा" हे बटण दाबलं तरी हेच घडतं, मागे नेलेला गेम ते निमूटपणे पुढे आणून ठेवतं.

खात्री करायला दोन मिनिटं लागतात. गेमच्या फोल्डरमध्ये स्कायरिमएसई नावाच्या एक्झीवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. तिथे आवृत्तीचा आकडा दिसेल. त्याच फोल्डरमध्ये एसकेएसई६४ ने सुरू होणारी एक डीएलएल असते आणि तिच्या नावातच ती कोणत्या गेमसाठी आहे तो आकडा असतो. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर एसकेएसई त्याच्या मूळ पानावरून नवं घ्या. डीएलएल आणि लोडर (एसकेएसईसह गेम सुरू करणारी एक्झी) गेमच्या मुख्य फोल्डरमध्ये, आणि झिपमधला डेटा फोल्डर गेमच्या डेटा फोल्डरवर. डेटाचा भाग पुष्कळ जण विसरतात. मग गेम उघडतो, पण मॉडचे मेनू रिकामे दिसतात, कारण स्क्रिप्ट जुन्याच राहिलेल्या असतात.

एसकेएसई बदलून काम अर्धंच होतं. त्याच्यावर बसणारे डीएलएल मॉड्सही बदलावे लागतात. डेटा, मग एसकेएसई, मग प्लगइन्स असा फोल्डर उघडा. त्यातली प्रत्येक डीएलएल तपासून १.६ साठीची प्रत घ्या. यांतल्या बऱ्याच मॉड्सना अ‍ॅड्रेस लायब्ररी, म्हणजे याच पत्त्यांची यादी, लागते, आणि तिचे दोन वेगळे संच मिळतात. १.५ साठीच्या फाइलचं नाव "व्हर्जन" ने सुरू होतं, १.६ साठीच्या फाइलचं "व्हर्जनलिब" ने. जुन्या डिस्कवरून आलेल्या संचात पहिलीच असेल, असं मी धरून चालतो.

आता लक्षणांकडे बघू, कारण गेम नेमका कसा बंद होतो यावरून निम्मं निदान होतं. गेम एसकेएसईपेक्षा नवा असेल तर लोडर तसं स्पष्ट सांगणारी खिडकी दाखवतो आणि थांबतो. एखादी डीएलएल जुळत नसेल तर सुरुवातीलाच नापास प्लगइन्सची, म्हणजे अशा डीएलएल मॉड्सची, यादी येते. भाच्याने ती न वाचता "येस" दाबलं असण्याची शक्यता भरपूर आहे, त्याच्या वयात कोण वाचतं. काहीच न सांगता, बेथेस्डाचा लोगो येऊन मेनूच्या आधी गेम गडप झाला, तर बहुतेक वेळा एखाद्या मॉडची मास्टर फाइल गायब असते. म्हणजे एक मॉड दुसऱ्यावर अवलंबून आहे आणि तो दुसरा संचात नाही. फोल्डर कॉपी करताना हे हमखास होतं. मॉड ऑर्गनायझर २ या मॉड मॅनेजरमध्ये, म्हणजे मॉड्स बसवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उजवीकडच्या प्लगइनच्या यादीत अशा ओळीपुढे इशाऱ्याचं चिन्ह दिसतं, माऊस नेला की कोणती फाइल हवी ते नाव येतं. मेनू येतो पण सेव्ह उघडताना गेम पडतो, तर दोष बहुधा सेव्हमध्ये आहे. त्या सेव्हमध्ये वापरलेला एखादा मॉड आता संचात नाही.

विंडोज नव्याने टाकल्यामुळे आणखी तीन गोष्टी तपासा. पहिली, मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल, ६४ बिट. नव्या विंडोजमध्ये ते नसलं तर चांगल्या डीएलएलसुद्धा उघडत नाहीत. लॉगमध्ये अशा ठिकाणी १२६ हा एररचा क्रमांक दिसतो. म्हणजे ही फाइल आहे, पण तिला लागणारी दुसरी फाइल मिळाली नाही. रीडिस्ट्रिब्युटेबल मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या. "डीएलएल फाइल्स मोफत" असल्या साइटवरून सुटी डीएलएल आणून टाकणं हा सगळ्यात वाईट मार्ग.

दुसरी, वनड्राइव्ह ही मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण. नवं विंडोज टाकताना डॉक्युमेंट्स फोल्डर अनेकदा वनड्राइव्हमध्ये हलवला जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. गेमचे सेव्ह आणि आयएनआय (सेटिंगच्या) फाइल्स डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्समध्ये असतात, त्यामुळे गेम एका जागी पाहतो आणि मॉड मॅनेजर दुसऱ्या. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन डॉक्युमेंट्सचा बॅकअप बंद करा आणि फोल्डर मूळ जागी आणा.

तिसरी गोष्ट किरकोळ वाटते पण अडवते. गेम पुन्हा उतरवल्यावर स्टीमचा साधा लाँचर एकदा तरी चालवावा लागतो. त्यानंतरच आयएनआय फाइल्स तयार होतात आणि मॉड मॅनेजरला गेम सापडतो.

गेम सी ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्समध्ये असेल तर तिथून हलवा. स्टीमची स्वतःची सोय आहे, सेटिंगमध्ये स्टोरेज, तिथे डी ड्राइव्हवर नवी लायब्ररी करून गेम तिकडे न्यायचा. प्रोग्राम फाइल्सवर विंडोजचा पहारा असतो. तिथे मॉड साधनांना लिहिताना अडथळे येऊ शकतात, मग पोरं सगळं "अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून" चालवायला लागतात, आणि सुरक्षिततेचा पहिला दरवाजा तिथेच उघडा पडतो. व्होर्टेक्स हा मॉड मॅनेजर वापरत असाल तर मॉड्स साठवायचा फोल्डर आणि गेम एकाच पार्टिशनवर हवेत. तो हार्डलिंक (त्याच फाइलला दिलेलं दुसरं नाव) वापरतो आणि त्या पार्टिशन ओलांडून जात नाहीत.

एवढं करूनही गेम पडला तर लॉग. डॉक्युमेंट्स, माय गेम्स, स्कायरिम स्पेशल एडिशन, एसकेएसई. त्यात एसकेएसई६४ नावाचा लॉग नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक प्लगइनची एक ओळ असते आणि शेवटी ते नीट चढलं की नाही हे लिहिलेलं असतं. हा लॉग मधेच तुटला असेल तर शेवटच्या ओळीतल्या प्लगइनवर पहिला संशय घ्या. लॉग स्वच्छ असेल आणि तरी गेम पडत असेल तर निम्मे मॉड्स बंद करून पाहायचं. साठांतले तीस बंद. गेम चालला तर दोष बंद केलेल्या तिसांत आहे, नाही चालला तर उरलेल्यांत. असं निम्म्या-निम्म्याने साठ मॉड्समधून सहा फेऱ्यांत एका मॉडवर येता. पथ्य एकच, ज्यावर दुसरे अवलंबून आहेत तो मॉड बंद केला तर त्याच्यावरचेही बंद करायचे, नाहीतर मास्टर गायब होऊन गेम पडेल आणि भलताच मॉड बदनाम होईल. आणि हे सगळं नवा खेळ सुरू करून तपासा, जुन्या सेव्हवर नको. ज्यात स्क्रिप्ट आहेत असा मॉड मधेच काढून सेव्ह केलं तर त्या सेव्हमध्ये स्क्रिप्टचे अवशेष राहतात आणि त्रास पुढे कधीतरी उगवतो.

गेम मूळ स्टीमचा आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हे सोपं आहे. दुकानातल्या भियाने पेनड्राइव्हवरून टाकून दिलेला रिपॅक, म्हणजे फोडून पुन्हा बांधलेली चोरटी प्रत, असता तर मी इथेच हात जोडले असते. त्याची आवृत्ती कोणती, एक्झीत काय बदललंय, हे कुणालाच सांगता येत नाही, आणि त्यावर एसकेएसई जुळवणं म्हणजे अंधारात दोरा ओवणं.

आता त्या पकडलेल्या फाइलकडे. गंमत अशी की डी३डीएक्स९_४२ या नावाची खरी फाइलही असते. एक तर ती मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्सची आहे. शिवाय एन्जिन फिक्सेस या स्कायरिमच्या नावाजलेल्या मॉडच्या जुन्या आवृत्त्यांत, दुसऱ्या भागात, याच नावाची डीएलएल गेमच्या मुख्य फोल्डरमध्ये टाकायची असे. कारण विंडोज बहुतेक डीएलएल आधी एक्झीच्या शेजारी शोधतं, मग सिस्टिममध्ये. गेमला वाटतं आपण नेहमीची फाइल उघडतोय, आणि मॉड सगळ्यात आधी आत येतो. मॉडसाठी ही सोय, चोरासाठीही तीच सोय. म्हणून फाइलचं नाव पाहून काहीच ठरवता येत नाही.

डिफेंडर खऱ्या मॉडवरही ओरडतो, हे खरं आहे. दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत कोड घुसवणं हे एसकेएसईसारख्या साधनांचं रोजचं काम आहे, आणि ट्रोजनसारख्या छुप्या घातक प्रोग्रॅमचंही. त्यात फाइलवर डिजिटल सही नाही आणि ती मोजक्या लोकांनी उतरवलेली, म्हणून संशय वाढतो. डिफेंडरने दिलेल्या नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि एमएल अशी अक्षरं असतील तर तो यंत्राचा अंदाज आहे, ओळखलेला व्हायरस नव्हे. पण अंदाज म्हणजे निर्दोष असाही अर्थ होत नाही. "मॉड्समध्ये असं दाखवतंच" हे वाक्य म्हणूनच धोकादायक आहे. ते अर्धं खरं असतं.

मग निवाडा कसा करायचा? फाइल परत न काढता. खऱ्या मॉडच्या मूळ पानावरून तीच फाइल नव्याने उतरवा. डिफेंडर त्या खऱ्या फाइलवर गप्प राहिला, तर व्हिडिओतली फाइल वेगळी होती हे उघड झालं. त्यावरही ओरडला तर ती व्हायरसटोटल या तपासणीच्या साइटवर चढवा. तिथे सत्तरच्या आसपास अँटिव्हायरस इंजिनं तपासतात. दोनतीन अनोळखी इंजिनांनी "जेनेरिक" असं मोघम लिहिलं असेल आणि मॉडच्या पानावर त्याची चर्चा झालेली असेल, तर मी ती फाइल वापरतो. नामांकित पाचसहा इंजिनं एकाच कुळाचं नाव घेत असतील, विशेषतः "स्टीलर" (पासवर्ड चोरणारा), तर नाही. चढवलेली फाइल इतरांनाही मिळू शकते, म्हणून तिथे स्वतःची कागदपत्रं कधी टाकू नका. आणि परवानगी द्यायचीच झाली तर त्या एका फाइलला. पूर्ण सी ड्राइव्ह तपासणीतून वगळा असं सांगणारा माणूस मदत करत नसतो.

त्या व्हिडिओची तीन लक्षणं मला न पाहताही पुरेशी वाटतात. फाइल मूळ मॉडच्या पानावर नसून आखूड केलेल्या लिंकवर, झिपला पासवर्ड, आणि अँटिव्हायरस बंद करायची सूचना. झिपला पासवर्ड लावला की तपासणी करणाऱ्यांना आत पाहता येत नाही, त्यासाठीच तो असतो. मूळ मॉड फुकट असताना कुणी त्यातली एकच डीएलएल वेगळी काढून पासवर्ड लावून का वाटेल?

व्यापक प्रश्न विश्वासाचा. मॉड कोणत्या जातीचा आहे यावर तो अवलंबून आहे. चित्रं, मॉडेल्स, आवाज, ईएसपी (मॉडच्या नोंदींची) फाइल हा नुसता माल असतो. तो बिघडला तर गेम पडेल, बँक खात्याला हात लावणार नाही. पेपिरस या स्कायरिमच्या स्वतःच्या भाषेतली स्क्रिप्ट गेमच्या आतल्या कुंपणात चालते. डीएलएल मात्र थेट विंडोजवर चालते, आणि गेम सुरू करणाऱ्या माणसाला जे अधिकार आहेत ते सगळे तिला मिळतात. ब्राउझरमधले साठवलेले पासवर्डही ती वाचू शकते. माइनक्राफ्टचे जार मॉड्स आणि स्टारड्यू व्हॅलीचे एसएमएपीआय या साधनावर चालणारे सी शार्प मॉड्स याच वर्गातले, पण स्टारड्यूचे कंटेंट पॅचरवरचे पॅक म्हणजे नुसत्या जेसन आणि पीएनजी फाइल्स. भाच्याला साठ मॉड्सची यादी नुसता माल आणि डीएलएल अशा दोन रकान्यांत मांडायला लावा. डीएलएलचा रकाना बहुधा दहाबाराचाच निघेल, आणि काळजी तेवढ्यांचीच करायची. नेक्सस या मॉड्सच्या साइटवर उतरवण्याआधीच फाइलच्या आतली यादी पाहता येते. तलवारीच्या नव्या रंगासाठीच्या मॉडमध्ये सेटअप एक्झी दिसली की पान बंद.

मॉडर जुना आणि नावाजलेला असणं चांगलं, पण तेवढ्यावर विसंबू नका. मे २०१५ मध्ये जीटीए ५ च्या अँग्री प्लेन्स या मॉडमध्ये कळांवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम सापडला होता. तो लेखकाचाच उद्योग म्हणता येईल. पण जून २०२३ मध्ये फ्रॅक्चरायझर नावाचा मालवेअर माइनक्राफ्टच्या मॉड्ससाठीच्या कर्सफोर्ज आणि बुक्किट या साइट्सवर पसरला तो भल्या मॉडरांची खाती ताब्यात घेऊन, आणि तो कॉम्प्युटरवरच्या इतर जार फाइल्समध्येही शिरत होता. २५ डिसेंबर २०२३ ला स्ले द स्पायरच्या डाउनफॉल या मॉडचंही तसंच झालं. लेखकांची खाती चोरून माहिती चोरणारी आवृत्ती स्टीमवरूनच तासभर वाटली गेली. यावर साधा उपाय आहे, डीएलएल मॉड्सची नवी आवृत्ती आली की आठ दिवस थांबायचं. असले प्रकार बहुधा काही तासांत किंवा दिवसांत उघड होतात. चालणाऱ्या संचाला तसंही उगाच हात लावू नये.

आता सर्वांत महत्त्वाचं, ती फाइल चालली का? डिफेंडरच्या प्रोटेक्शन हिस्टरीत त्या नोंदीवर फाइलचा पत्ता दिसतो. पत्ता डाउनलोड्सचा असेल आणि झिप उघडतानाच पकडली असेल, तर सुटलात. पत्ता गेमच्या फोल्डरचा असेल आणि भाच्याने मधे एकदा तरी गेम सुरू केला असेल, तर ती चालली असं धरून चाला. भाच्याला न रागावता विचारा, नाहीतर खरं उत्तर मिळणार नाही. चालली असेल तर कॉम्प्युटरचं इंटरनेट काढा. फोनवरून, वायफाय सोडून मोबाइल डेटावर, आधी ईमेलचा पासवर्ड बदला, मग बँक, मग स्टीम. प्रत्येक ठिकाणी "सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा" हा पर्याय दाबा, कारण स्टीलर पासवर्डबरोबर चालू लॉगिनही चोरतात आणि नुसत्या पासवर्ड बदलाने ते तुटेलच असं नाही. त्यानंतर विंडोज पुन्हा टाका. पुन्हा दुकान, पुन्हा खर्च, मान्य आहे. पण ज्या यंत्रावर बँक उघडायची आहे तिथे नुसत्या स्कॅनवर मी समाधान मानत नाही. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेलाही कळवा.

यापुढे भाच्यासाठी वेगळं विंडोज खातं काढा, स्टँडर्ड प्रकारचं, आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा. स्टँडर्ड खात्यातल्या प्रोग्रॅमला तुमच्या खात्यातल्या ब्राउझरच्या फाइल्स वाचता येत नाहीत. पासवर्डची खिडकी आली की तो तुम्हाला हाक मारेल, ती कटकट मुद्दाम ठेवायची. एक बारकावा असा की डी ड्राइव्हवरच्या गेम फोल्डरमध्ये दोन्ही खाती लिहू शकतात, म्हणून तो गेम तुमच्या खात्यातून कधी सुरू करू नका. स्टीमवर दुहेरी पडताळणी चालू करा. आणि मॉड्स घातलेला कोणताही गेम ऑनलाइन स्पर्धेत नेऊ नका. स्कायरिमला हा प्रश्न नाही, पण जीटीए ऑनलाइनवर सप्टेंबर २०२४ पासून बॅटलआय ही चीटिंग पकडणारी यंत्रणा बसलीय, आणि स्टीमच्या व्हॅक या तशाच यंत्रणेची बंदी तर कायमची असते.

पुढे विचारायचं असेल तर तीन गोष्टी लिहून पाठवा. स्कायरिमएसईच्या एक्झीचा आवृत्तीचा आकडा, एसकेएसई लॉगचा पूर्ण मजकूर, आणि प्रोटेक्शन हिस्टरीतली ती नोंद, नाव आणि पत्त्यासह. लॉगमध्ये विंडोज खात्याचं नाव येतं, ते पाठवण्याआधी खोडा.